मोडशी आणि मुशाफरी

'मोडशी' हा शब्द आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडचा आहे. जड अन्न बाधले, पाणी बदलले, पोट बिघडून जुलाब-वांत्या होऊ लागल्या, म्हणजे 'मोडशी झाली' असे म्हणावयाचे, सुंठ-साखर द्यावयाची आणि एक दिवस लंघन घडवावयाचे, असा जुना परिपाठ. इतका घरगुती शब्द एके काळी समुद्र ओलांडून युरोपात गेला होता, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. सोळाव्या शतकात गोव्यास आलेल्या पोर्तुगीजांनी तो येथील लोकांच्या तोंडून उचलला व 'मोर्देशी', 'मोर्देशिम' अशा रूपांनी आपल्या ग्रंथांत नोंदविला. पुढे फ्रेंचांच्या कानी तो पडला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या भाषेचा अर्थ चिकटवून त्याचे 'मोर द शियां', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे रूपांतर केले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात या शब्दाचा प्रवास दिलेला असून त्याचे मूळ मराठी 'मोडणे' या क्रियापदाशी जोडलेले आहे. फ्रेंचांनी केलेला हा अपभ्रंश हास्यास्पद खरा. परंतु ज्यांनी तो केला त्यांच्या अनुभवास तो फारसा सोडून नव्हता. सकाळी धडधाकट असलेला खलाशी संध्याकाळी डोळे खोल जाऊन, हातापायांस पेटके येऊन मरताना त्यांनी पाहिला होता.

प्रवासाचा इतिहास आपण सहसा वाटांचा, गलबतांचा आणि व्यापाराचा म्हणून वाचतो. परंतु उष्ण देशांत फिरणाऱ्या माणसाची खरी कसोटी वाघापेक्षा व चोरापेक्षा पाण्याच्या पेल्यानेच अधिक पाहिली आहे. या पेल्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी निरनिराळ्या काळच्या प्रवाशांनी काय काय केले, त्यांपैकी काय उपयोगी पडले व काय पडले नाही, हे पाहण्याचा आमचा विचार आहे. यात केवळ कुतूहलाचा भाग नाही. प्रवाशाला आपले पोट एकट्याने सांभाळता येते काय, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि त्याचे उत्तर आजही आपल्या उपयोगाचे आहे.

आरंभ एका यतीपासून करू. इ-त्सिंग हा चिनी बौद्ध भिक्षू इ. स. ६७१ मध्ये जलमार्गाने निघाला, सुमात्रा बेटातील श्रीविजय येथे काही काळ राहून ताम्रलिप्तीस उतरला व पुढे सुमारे दहा वर्षे नालंदा येथे राहिला. भारतातील भिक्षूंच्या आचारांविषयी त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात धर्मचर्चेइतकीच पाण्याची चर्चा आहे. भिक्षूने दोन कलश बाळगावे: पिण्याच्या पाण्याचा मातीचा किंवा चिनी मातीचा, आणि शौचाच्या पाण्याचा तांब्याचा किंवा लोखंडाचा, या दोहोंची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये. रोज सकाळी पाणी तपासावे, दाट विणीच्या कापडातून गाळावे, आणि गाळण्यावर जे जीव राहतील ते परत विहिरीत किंवा नदीत सोडावे. गाळणे बरोबर घेतल्याशिवाय दूरच्या वाटेस लागू नये. जेवणानंतर हात-तोंड धुवावे, उष्टे ठेवू नये, आणि पोट बिघडल्यास प्रथम अन्न वर्ज्य करावे, असेही तो सांगतो. रोगजंतू ही कल्पना जन्मास यावयास तेव्हा हजारो वर्षांचा नसला तरी बाराशे वर्षांचा अवकाश होता. इ-त्सिंगच्या नियमांचे मूळ अहिंसेत व विनयात होते. गाळण्याने वाचवावयाचे ते पाण्यातील किड्यांना, पिणाऱ्याला नव्हे.

तथापि किड्यांना वाचविताना पिणाराही काही अंशी वाचत असला पाहिजे, असे मानण्यास आता सबळ आधार मिळाला आहे. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगास चिकटून राहतात, हे रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. जंतू स्वतः इतका बारीक की कापडातून सहज निसटेल. परंतु ज्याच्या पाठीवर तो बसतो तो प्राणी अडकतो. बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग करण्यात आला, आणि पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडास फडके बांधून पाणी वस्त्रगाळ करीत, त्यास आम्ही केवळ खुळचट सोवळेपणा म्हणणार नाही. मात्र अर्धे संकट टळणे आणि संकट टळणे यांत अंतर आहे, हेही विसरता कामा नये. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे किंवा निवळीची बी उगाळून घालणे, हे आपले दुसरे जुने उपाय. त्यांनी गाळ खाली बसतो व पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसते. जंतू निःशेष होत नाहीत. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील कित्येक रोगजंतू मरतात, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. पण धर्मशाळेत उतरलेल्या तहानलेल्या वाटसरूस रात्रभर थांबण्याची सवड असतेच असे नाही.

पाण्याइतकेच अन्नही दगा देते. चौदाव्या शतकातील सुप्रसिद्ध मुशाफर इब्न बतूता १३५२ साली आफ्रिकेतील माली राज्यात पोहोचला. तेथील लोकांस सर्वांत आवडणारी, अळकुडीसारख्या एका कंदाची लापशी त्याने व त्याच्या सोबत्यांनी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सहाही जण आजारी पडले. त्यांतील एकजण मरण पावला. इब्न बतूता सकाळच्या नमाजाच्या वेळी बेशुद्ध पडला. एका इजिप्शियन माणसाने बडीशेपेच्या जातीची एक वस्तू, साखर व काही मुळ्या पाण्यात कालवून पाजल्या, तेव्हा सारे उलटून पडले व तो वाचला. तरी पुढे दोन महिने त्याची प्रकृती सुधारली नाही. ज्या पक्वान्नावर यजमानांचा जीव, तेच पाहुण्याच्या जिवावर बेतले! परमुलखातील पाहुण्याचे पोट आणि यजमानाचे पोट एकाच अन्नाने सारखे वागत नाही, ही गोष्ट प्रवाशांना फार पूर्वीपासून अनुभवाने ठाऊक होती; का वागत नाही, हे कळावयास मात्र पुढे सहा शतके लागली.

आता आपल्या 'मोडशी'कडे वळू. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला व गोव्यास स्थायिक झाला. येथील वनस्पती व औषधे यांवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाचे वर्णन असून येथील लोक त्यास 'मोर्शी' व अरब 'हैजा' म्हणतात, असे तो नोंदवितो. ओर्ताची 'मोर्शी' आणि एकोणिसाव्या शतकातील पटकी हा एकच रोग होय की काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहे. परंतु जुलाब, वांत्या, पेटके आणि झपाट्याने येणारे मरण ही लक्षणे जुळतात. आम्हांस विशेष वाटतो तो येथील लोकांच्या उपचाराचा त्याने दिलेला तपशील. ते रोग्याच्या तळपायांस डाग देतात, हातपाय पट्ट्यांनी आवळतात. आणि मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी प्यावयास देतात. डाग देण्याचा उपाय पुढे युरोपियन वैद्यांनीही उचलला. तांदळाच्या पाण्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही. कोकणातील गरिबाच्या घरची ती साधी पेज. तिला औषध कोण म्हणणार? वाचकांनी ही पेज लक्षात ठेवावी. चारशे वर्षांनी ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

गोव्याच्या त्या जुन्या नगरीचाच शेवट पाहण्यासारखा आहे. मांडवीच्या काठचे ते शहर आशिया खंडातील अत्यंत श्रीमंत शहरांपैकी एक गणले जाई. लिस्बनहून गलबते येत, ती रोगजर्जर माणसांनी भरलेली. आणि त्यांच्यासाठी तेथे बांधलेले राजाचे इस्पितळ इतके सुसज्ज होते, की १६०८ साली आजारी अवस्थेत तेथे आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. रुप्याच्या ताटांत पथ्याचे जेवण मिळत असे. पण शहराची जमीन सच्छिद्र, वस्ती दाट, आणि शौचकूपांचा निचरा विहिरींत उतरणारा. इस्पितळ उत्तम आणि विहीर दूषित, असा तो प्रकार होता. साथींमागून साथी आल्या, घरे ओस पडली, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले ठाणे पणजीस हलविले व १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. या ऱ्हासास राजकीय व व्यापारी कारणेही होती. परंतु पाण्याकडे दुर्लक्ष करून केवळ रोग्यांची शुश्रूषा करणारे नगर टिकत नाही, हा धडा जुन्या गोव्याच्या ओसाड चर्चांभोवती आजही वाचता येतो.

घाटावरचा व कोकणातील मराठी माणूस प्रवासास निघे, तेव्हा तो या बाबतीत अगदीच निष्काळजी नसे. बरोबर स्वतःचा तांब्या व दोरी, पडशीत दशम्या. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवावयाचे. म्हणजे ती सोवळ्यातही चालते व दोन दिवस टिकतेही. वाटेत कोणाच्या हातचे खावयाचे नाही, स्वतः चूल मांडून गरम भात करावयाचा, आणि जेवण्यापूर्वी हातपाय धुवावयाचे, हे नियम त्याने शास्त्र म्हणून पाळले. यांतील गरम अन्न, ताजा स्वयंपाक, धुतलेले हात व स्वतःचे भांडे या गोष्टींनी त्याचे कल्याणच केले. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ आणि पाणी ठेवण्याची रीतही अशीच शहाणपणाची.

परंतु सोवळ्याच्या नियमांत एक मूलभूत दोष होता. पाण्याला कोणाचा स्पर्श झाला, हे ते विचारीत. पाण्यात काय मिसळले, हे विचारीत नसत. स्वजातीच्या पाणवठ्यावर गुरे बसत, धुणी धुतली जात, पावसाच्या लोंढ्याबरोबर गावची घाण उतरे. तरी ते पाणी शुद्ध. उलट माणसाची सावली पडली की पाणी बाटे. या कल्पनेचे टोक महाराष्ट्राने महाड येथे पाहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. तेव्हा सनातन्यांनी शेणगोमूत्रमिश्रित पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने या प्रसंगाचा विचार केला, तर कोणाच्या कृतीने तळे दूषित झाले हे सांगावयास नको. आणि ज्यांना शतकानुशतके चांगल्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनी डबक्याचे व ओढ्याचे पाणी पिऊन किती मोडश्या भोगल्या, याची नोंद कोणत्याच प्रवासवृत्तात नाही. रोगजंतू जात पाहून थांबत नाही; त्या वस्तीत उद्भवलेली साथ गावात आल्यावाचून राहत नसे.

पटकीने सर्व जगास हाच धडा अधिक कठोर रीतीने दिला. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे ही साथ भडकली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, इकडे खडकीस पेशव्यांची लढाई झाली त्या महिन्यात, तिकडे बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याची फौज सिंध नदीकाठी तळ देऊन होती. तळावर पटकी शिरली आणि काही दिवसांत सैनिक, हमाल व बाजारबुणगे यांचे इतके मृत्यू झाले, की प्रेते पुरण्यासही माणसे पुरेनात. अखेर हेस्टिंग्जने तळ उठवून बेतवा नदीकाठी एरिच येथे नेला, आणि साथ ओसरली. त्या काळच्या वैद्यांनी हा गुण कोरड्या, मोकळ्या हवेस दिला. खरे पाहता फौजेने हवेबरोबर पाणीही बदलले होते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पुढील वर्षी साथ मुंबई इलाख्यात पोहोचली. तेथून गलबतांबरोबर मस्कतेस, आणि दुसऱ्या फेरीत १८३० नंतर युरोपात. फौज, तांडा, गलबत, यात्रा, मागाहून आगगाडी: माणूस ज्या ज्या वाहनाने गेला, त्या त्या वाहनाने ती गेली.

आपल्या खेड्यांत यावर एक उपाय होता. गावात पटकी आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा. मग पुढच्या गावाने तो त्यापुढच्या शिवेवर न्यावयाचा. सुशिक्षित लोक यास हसत आले आहेत; परंतु एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या राष्ट्रांनी याहून वेगळे काय केले? १८५१ साली पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १८६५ च्या हजच्या यात्रेत हजारो यात्रेकरू पटकीने दगावल्यानंतर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे पुन्हा परिषद झाली, आणि हिंदुस्थान हे रोगाचे माहेरघर व यात्रेकरू हे त्याचे वाहक असा निर्णय झाला. जहाजे अडविणे, प्रवाशांस दिवसेंदिवस अलग ठेवणे, यात्रेकरूंची झडती घेणे, हेच उपाय ठरले. गाडा आपल्या शिवेबाहेर राहिला म्हणजे झाले, अशीच ती वृत्ती. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानभर साथ पसरली, तेव्हाही सारा दोष यात्रेकरूंच्या माथी आला.

पंढरीच्या वारीची कथा याच प्रकारची. आषाढी एकादशी येते ती पावसाळ्याच्या तोंडी. वाळवंटावर व काठावर साचलेली घाण पहिल्या पुरांबरोबर चंद्रभागेत उतरावयाची, आणि तेच स्नानाचे व तेच पिण्याचे पाणी. एकोणिसाव्या शतकात या यात्रेत पटकीचा उद्भव वारंवार होई व परतणाऱ्या दिंड्यांबरोबर ती गावोगाव जाई. वारकऱ्याने काय करावयाचे? तो माळकरी, मांसमद्य न शिवणारा, व्रतस्थ मनुष्य. त्याच्या वैयक्तिक शुचितेत काही उणे नव्हते. उणे होते ते लाखो माणसे एका लहान गावी येणार हे ठाऊक असून त्यांच्या पाण्याची व शौचाची सोय न करणाऱ्या व्यवस्थेत. पुढे गाळलेले व औषध घातलेले पाणी, लस टोचण्याची ठाणी आणि यात्रेतील वैद्यकीय पथके आली, तसतशी वारीवरची पटकीची छाया विरत गेली. वारकऱ्यांची भक्ती बदलली नाही, पाणी बदलले.

रोगाचे मूळ पाण्यात आहे, हे सिद्ध होण्याचा इतिहास सुपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पिणाऱ्या घरांतच मृत्यू अधिक, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखविले व त्या पंपाचा दांडा काढवून घेतला. रॉबर्ट कॉक हा जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमार्गे कलकत्त्यास आला आणि १८८४ च्या आरंभी त्याने पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू निश्चित केला. ज्या तलावाभोवतालच्या वस्तीत साथ होती, त्या तलावाच्या पाण्यातच तो त्यास सापडला. जुने वैद्य तरीही उष्ण देशांच्या दूषित हवेची गोष्ट सोडीनात. त्यांस उत्तर मिळाले ते थंड जर्मनीत. १८९२ साली हँबर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे मेली. त्यास अगदी लागून असलेले आल्टोना हे शहर त्याच एल्ब नदीचे, किंबहुना हँबर्गची घाण मिसळलेले, पाणी पीत असे. पण ते वाळूच्या थरांतून गाळून घेई. आल्टोना बहुतांशी वाचले. हवा एक, नदी एक, लोक एक. मध्ये फक्त वाळूचा थर. यावरून 'उष्ण कटिबंधाचे रोग' या शब्दप्रयोगातील अर्धे खोटेपण उघड होते. उष्णतेने जंतूंची वाढ जोमाने होते, अन्न लवकर नासते, हे खरे. परंतु मुख्य दोष सूर्याचा नसून नळाचा व गटाराचा आहे. ज्या देशांनी पैसा खर्चून हे दोन वेगळे केले, ते 'निरोगी देश' झाले.

हिंदुस्थानात हँकिन या रसायनतज्ज्ञाने आग्रा येथून विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रसार केला. तेच खेड्यापाड्यांतील 'लाल औषध'. आज ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तो त्याच परंपरेतला. मुंबईच्या परळ येथील संस्थेस ज्याचे नाव दिले आहे, त्या हाफकिनने १८९२ साली पटकीची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली व पुढील वर्षी तो हिंदुस्थानात आला.

परंतु रोग झालाच, तर काय? येथे वैद्यकाच्या इतिहासातील एक शोचनीय प्रकरण आहे. पटकीचा रोगी जंतूच्या विषाने मरतो असे दिसले, तरी त्यास प्रत्यक्ष मारते ते शरीरातून वाहून जाणारे पाणी व क्षार. १८३१-३२ मध्ये ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने रोग्यांचे रक्त तपासून हे सांगितले, आणि १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा याने शिरेत मिठाचे पाणी सोडून मरणोन्मुख रोगी उठवून बसविले. तरीही पुढे कित्येक दशके रोग्याचे रक्त काढणे, त्यास पारा व अफू देणे चालूच राहिले. तहानेने तडफडणाऱ्यास पाणी नाकारण्यात येई. ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि १८५० नंतर त्याने हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळे उभारले. ज्याने पटकीचे मर्म ओळखले, त्याचे नाव तारांमुळे राहिले, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

पुढील महत्त्वाची कामे बंगालच्या भूमीवर झाली. १९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजून पटकीचे रोगी बरे केल्याचे प्रसिद्ध केले. १९५९ साली डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूचे विष आतड्यावर कसे कार्य करते, ते दाखविले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून रक्तात शिरते व आपल्यामागून पाणी ओढून नेते, ही किल्ली त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतील संशोधकांस सापडली. तिची खरी परीक्षा १९७१ साली झाली. पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले होते. बनगाव येथील इस्पितळात रोगी जमिनीवर ओळीने पडलेले, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पिशव्या करवून घेतल्या, पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि पेल्याने रोग्यास पाजण्याचे काम त्यांच्या आप्तांवरच सोपविले. पूर्वी शंभरांत सुमारे तीस मरत होते. त्यांच्या देखरेखीखालील सुमारे ३,७०० रोग्यांत हे प्रमाण ३.६ वर आले. २०२२ साली ते वारले, व दुसऱ्या वर्षी त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

साखरेच्या जागी तांदळाचे पीठ शिजवून मीठ घातले, तरी तेच कार्य, पटकीत तर काकणभर अधिकच, साधते, असे पुढे निष्पन्न झाले. म्हणजे ओर्ताने नोंदविलेली ती पेजच! आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते, असा डांगोरा आम्ही यावरून पिटणार नाही. त्यांना पेज ठाऊक होती. मिठाचे प्रमाण, ती सतत पाजण्याची आवश्यकता आणि तिचे कारण ठाऊक नव्हते. शेजारीच ते डागण्याही देत होते. कोणता उपाय तारतो व कोणता भाजतो, हे मोजून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि ते मोजावयास चारशे वर्षे गेली.

आजच्या प्रवाशास पटकीचे भय थोडे. त्यास गाठते ती साधी मोडशी, आणि तिचे मुख्य कारण म्हणजे आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय नामक जंतूचा एक विषारी प्रकार. एडन येथे गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याकडे लक्ष वेधले. त्या त्या प्रदेशातील लोकांस लहानपणापासून अशा जंतूंशी गाठ पडून काही प्रतिकारशक्ती आलेली असते. पाहुण्यास ती नसते. इब्न बतूताच्या यजमानांची लापशी त्यांस का पचली असावी, याचा एक संभवनीय खुलासा येथे मिळतो. मात्र ही शक्ती फुकट मिळालेली नसते. तिची किंमत त्या देशांतील कित्येक अर्भकांनी आपल्या प्राणांनी दिलेली असते.

प्रवाशाने पाळावयाचे नियम थोडे व साधे आहेत. पाणी खळखळून उकळलेले किंवा खात्रीचे सीलबंद असावे. बर्फ हेही पाणीच, हे विसरू नये. अन्न शिजवून वाफाळते असतानाच खावे. फळ स्वतः सोलून खावे. चिरून ठेवलेल्या फळांस व कच्च्या कोशिंबिरीस परक्या गावी मोह आवरावा. जेवण्यापूर्वी व शौचानंतर हात साबणाने धुवावे. पोट बिघडलेच, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा धरून) विरघळवून घोट घोट घेत राहावे. मूल असल्यास अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. शौचावाटे रक्त पडू लागले, ताप चढला, लघवी थांबली, किंवा मूल मलूल होऊन डोळे खोल गेले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. तत्काळ डॉक्टरकडे जावे. पिशवीत जंतुनाशक गोळ्या आहेत म्हणून प्रत्येक जुलाबास त्या घेणेही बरे नव्हे. त्यामुळे औषधास दाद न देणारे जंतू माजतात.

एवढे सर्व पाळूनही माणूस आजारी पडतो, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. काठमांडू येथे अनेक वर्षे परदेशी प्रवाशांवर उपचार केलेल्या डेव्हिड श्लिम या डॉक्टरने २००५ साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. तेव्हा 'हे खा, ते टाळा' असले नियम कसोशीने पाळणारे प्रवासी इतरांपेक्षा कमी आजारी पडतात, याचा पुरावा त्यास फारसा मिळाला नाही. कारण उघड आहे. पानावरचा पदार्थ प्रवासी निवडतो; स्वयंपाक्याचे हात, भांडी विसळण्याचे पाणी, फळीवर बसणाऱ्या माश्या आणि खाणावळीमागचे गटार ही निवडणे त्याच्या हाती नसते. भटारखान्यातील पोऱ्यास साबण, वाहते पाणी व शौचालय मिळते की नाही, यावर पंक्तीतील श्रीमंत पाहुण्याचे पोट अवलंबून असते.

इ-त्सिंगचे गाळणे, मराठी वाटसरूची दशमी, पोर्तुगीजांचे रुप्याचे ताट, राष्ट्राराष्ट्रांनी शिवेबाहेर ढकललेला गाडा, या सर्वांत कल्पना एकच होती, की स्वतःभोवती कुंपण घालावे व आतल्या आत सुखरूप राहावे. कुंपणाचा काही उपयोग झाला, नाही असे नाही. परंतु ज्या ज्या ठिकाणी मोडशीचे खरोखर उच्चाटन झाले, त्या आल्टोनात काय नि आपल्या मोठ्या शहरांत काय, ते सर्वांच्या नळाला चांगले पाणी आल्याने झाले. प्रवासी त्यात आपोआप वाचला. म्हणून परगावी उतरल्यावर 'येथे आमच्यासाठी चांगले पाणी कोठे मिळेल?' एवढे विचारून आपण थांबू नये. येथील लोक कोणते पाणी पितात, हेही विचारावे. आणि ते आपणांस पिण्याजोगे नसेल, तर त्यांसही ते पिण्याजोगे नाही, एवढे तरी ओळखावे.